भाऊकाकांचं हिमालयातलं घड्याळ

मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिलं गेलं नाही. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग दिवाळी, मग पाहुण्यांची वर्दळ. पण मधल्या काळात भाऊकाकांच्या घड्याळावरून घरात जे काही झालं, ते तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी फोनवर ऐकलंच आहे. गंमत म्हणजे प्रत्येकाने वेगळं ऐकलं आहे! ठाण्याच्या मंडळींना वाटतं मी घड्याळ विकू दिलं नाही. कल्याणच्या मंडळींना वाटतं मी ते खोटं ठरवलं. पुण्याहून तर एकीने विचारलं, "तुम्ही म्हणे ते उघडून बिघडवलंत?" तेव्हा एकदाच सगळं नीट लिहून टाकते.

पण त्याआधी माझ्या या छंदाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर मी एवढी का अडून बसले ते कळणार नाही.

माझ्याकडे अकरा घड्याळं आहेत. सगळी मनगटी, सगळी चावीची, आणि सगळी पुरुषांची. बायकांची जुनी घड्याळं मला कधी भावली नाहीत. करंगळीच्या नखाएवढी तबकडी, तिच्यावर वेळ कमी आणि नक्षी जास्त. पहिल्या पगारातून घेतलेलं एचएमटीचं 'जनता' मी शाळेत घालून गेले तेव्हा स्टाफरूममध्ये "कुणाचं घातलंयस?" म्हणून विचारणा झाली होती. पण परीक्षेच्या हॉलवर शेवटची पाच मिनिटं सांगायची तर सेकंदकाटा दिसायला हवा की नको? तेव्हापासून माझी आवड ठरून गेली. घड्याळ कामाचं हवं.

पुढे वाचनातून कळलं की जगात अशी 'कामाची' घड्याळं खास लोकांसाठी बनवली गेली आहेत. गिर्यारोहकांसाठी, पाणबुड्यांसाठी, वैमानिकांसाठी, प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांसाठी. त्यातली नामांकित घड्याळं माझ्याकडे नाहीत हे आधीच सांगते. शिक्षकाच्या पेन्शनमध्ये रोलेक्स बसत नाही. पण त्यांच्या गोष्टी फुकट मिळतात, आणि मी गोष्टी जमवणारी बाई आहे.

एक गोष्ट मला फार आवडते. मर्सिडीझ ग्लाइट्झ नावाची इंग्लंडमधली एक टायपिस्ट मुलगी ७ ऑक्टोबर १९२७ ला इंग्लिश खाडी पोहून गेली. चारच दिवसांनी दुसऱ्या एका बाईने आपणही पोहल्याचा दावा केला आणि तो बनाव निघाला. झालं! लोक मर्सिडीझवरही शंका घेऊ लागले. म्हणून बिचारी २१ ऑक्टोबरला, पाणी आणखी थंड झालेलं असताना, पुन्हा उतरली. त्या वेळी तिच्या गळ्यात रोलेक्सचं नवं 'ऑयस्टर' घड्याळ बांधलेलं होतं. दहा तासांहून जास्त वेळ ती पाण्यात होती. थंडीने तिची शुद्ध हरपत चालली तेव्हा तिला वर घ्यावं लागलं. खाडी पार झाली नाही, पण घड्याळ चालू होतं आणि तिच्याबद्दलची शंकाही मिटली. कंपनीने पुढच्याच महिन्यात वर्तमानपत्राचं पहिलं पान विकत घेऊन जाहिरात केली. पाण्यात चालणारं घड्याळ हे जगाला त्या मुलीमुळे कळलं.

एव्हरेस्टची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. २९ मे १९५३. त्या मोहिमेला रोलेक्सनेही घड्याळं दिली होती आणि स्मिथ्स या इंग्रजी कंपनीनेही. हिलरींबरोबर शिखरावर होतं ते स्मिथ्सचं. पण सामान्य माणसाला एव्हरेस्ट म्हटलं की रोलेक्सच आठवतं. ज्याची जाहिरात मोठी त्याची गोष्ट उरते, हा धडा घड्याळांच्या जगात पदोपदी मिळतो.

आणि अपोलो-१३ चे चौदा सेकंद! एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या त्या यानाची ऑक्सिजनची टाकी फुटली. वीज वाचवण्यासाठी यानातली बरीचशी यंत्रणा बंद ठेवली होती. परतीचा मार्ग थोडा सुधारायचा तर इंजिन बरोबर चौदा सेकंद चालवायचं होतं. ते चौदा सेकंद जॅक स्विगर्ट यांनी मनगटावरच्या ओमेगा स्पीडमास्टरवर मोजले. मजा अशी की ते घड्याळ १९५७ साली मोटारींच्या शर्यती डोळ्यांपुढे ठेवून काढलेलं. त्याला अवकाशात कुणी पाठवायचं ठरवलं नव्हतं. नासाने नंतर कठोर चाचण्या घेऊन १९६५ मध्ये ते निवडलं.

आता जरा शास्त्र. (शाळेत मी मराठी शिकवत असे, पण शिक्षक कमी म्हणून भूगोलही माझ्याच गळ्यात होता. ती खोड अजून जात नाही.)

चावीच्या घड्याळाचा मोठा शत्रू लोहचुंबक. आत केसाएवढी बारीक स्प्रिंग असते, हेअरस्प्रिंग. तिच्यात चुंबकत्व शिरलं की वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते, आणि घड्याळ पळत सुटतं. दोन वर्षांपूर्वी माझं 'पायलट' रोज दहा-पंधरा मिनिटं पुढे जायला लागलं. डोंबिवली स्टेशनजवळ माझा एक जुना विद्यार्थी घड्याळजी आहे, त्याच्याकडे नेलं. त्याने उघडलंसुद्धा नाही. खणातून होकायंत्र काढून घड्याळाशेजारी धरलं, सुई थरथरली. मग म्हणाला, "बाई, पर्स दाखवा." पर्सला चुंबकाचं बटण! एका डब्यासारख्या यंत्रावर घड्याळ ठेवून बटण दाबलं, हळूहळू लांब ओढलं, आणि काम झालं. आता मोबाईलच्या कव्हरला चुंबक, हेडफोनला चुंबक. जपून असा.

पर्सचं एवढं, मग जिथे प्रचंड चुंबकं लावून प्रयोग चालतात तिथल्या माणसांचं काय? त्यांच्यासाठी १९५०च्या दशकात खास घड्याळं निघाली. आयडब्ल्यूसीचं 'इंजेनियर', रोलेक्सचं 'मिलगॉस', ओमेगाचं 'रेलमास्टर'. मिलगॉस म्हणजे हजार गॉस, तेवढं चुंबकीय क्षेत्र सोसणारं. युक्ती साधी आहे. यंत्राभोवती मऊ लोखंडाची आणखी एक डबी. चुंबकाचा जोर त्या लोखंडातून वळसा घालून जातो, आत शिरत नाही. आपल्याकडे ट्रॉम्बेची अप्सरा अणुभट्टी सुरू झाली ती ऑगस्ट १९५६ मध्ये, म्हणजे त्याच काळात. डोंबिवलीतून रोज ट्रॉम्बेला जाणारी किती तरी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या मनगटावर मात्र मिलगॉस नसायचं, एचएमटी असायचं.

पण या लोखंडी डबीची एक गंमत आहे. अलिबागची चुंबकीय वेधशाळा आठवा. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी कुलाब्याला १८४१ पासून होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या नोंदी बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागला नवी वेधशाळा १९०४ मध्ये उभी राहिली. बांधकामात चुंबकाला ओढणारी वस्तू येऊ दिली नाही. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या आणि जुन्याशी नवं जुळतं हे पाहूनच कुलाब्याच्या थांबवल्या. आता अशा जागी मऊ लोखंडाची डबी घातलेलं शास्त्रज्ञांचं घड्याळ घालून गेलं तर? नाजूक उपकरणांजवळ त्याचं लोखंडच अडचणीचं! शास्त्रज्ञांसाठी बनवलेलं घड्याळ एका जातीच्या शास्त्रज्ञाला मात्र बाहेर काढून ठेवावं लागेल. आणि दोन वर्षांच्या त्या दुहेरी नोंदींचं मला फार कौतुक वाटतं. शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, जुळवून बघायचं.

दुसरी गोष्ट रेडियमची. आपल्याकडे रिक्षाच्या मागे चिकटवायच्या चमकत्या पट्टीलासुद्धा 'रेडियम' म्हणतात, तिचा खऱ्या रेडियमशी संबंध नाही. पण जुन्या घड्याळांच्या अंधारात चमकणाऱ्या आकड्यांमध्ये खरंच रेडियम असे. अमेरिकेत ते आकडे रंगवणाऱ्या मुली ब्रशाला टोक यावं म्हणून तो ओठांनी ओला करत. त्यातल्या कित्येक जबड्याच्या आणि हाडांच्या दुखण्याने गेल्या. न्यू जर्सीतल्या पाच जणींनी कंपनीवर दावा लावला, तो १९२८ मध्ये तडजोडीने मिटला. नंतर, १९६०च्या दशकात, रेडियम मागे पडून ट्रिशियम आलं. तुमच्याकडे आजोबांचं जुनं घड्याळ असेल आणि आकडे आता चमकत नसतील तर बिनधास्त होऊ नका. चमकणारं मिश्रण थकलेलं असतं, रेडियम नाही. त्याचं अर्धं आयुष्यच सोळाशे वर्षांचं. काच उघडू नका, तो रंग खरवडू नका, मुलांना खेळायला देऊ नका. बस, एवढं पुरे.

आता आपल्या मुंबईकडे येते. ही साहसी माणसांची स्विस घड्याळं आपल्याकडे आली कशी? वेस्ट एंड वॉच कंपनी नावाची एक स्विस कंपनी होती, तिच्या जुन्या तबकड्यांवर 'बॉम्बे' आणि 'कलकत्ता' ही नावं छापलेली सापडतात. तिचं 'सोवार' म्हणजे आपला स्वार. आणि दुसरी फेवर ल्युबा. तिचा भारतातला व्यापार १८६५ पासूनचा. आमच्या पिढीत लग्नात जावयाला 'फेवर लुबा' मिळालं की वरपक्ष खूश.

याच फेवर ल्युबाने १९६२ मध्ये 'बिव्हॉक' काढलं. मनगटी घड्याळ, आणि आत हवेचा दाब मोजणारी डबी, म्हणजे डोंगरावर किती उंच चढलात ते काटा सांगणार! ठाण्याच्या एका संग्राहकांकडे मी ते पाहिलं आहे. हौशी गृहस्थ. ते घालून आमच्याबरोबर माथेरानला आले. नेरळला काटा शून्याशी जुळवला, वर पोचेपर्यंत तो आठशे मीटरच्या आसपास गेला. टाळ्या! दुसऱ्या दिवशी सकाळी ढग भरून आले, पाऊस लागला. आम्ही त्याच ओसरीवर त्याच खुर्च्यांत चहा घेत होतो, आणि काटा चाळीसेक मीटर आणखी वर चढलेला. गृहस्थ हिरमुसले. मी म्हटलं, अहो, घड्याळ खोटं बोलत नाहीये. ते हवेचा दाब सांगतंय. पावसाळी हवेत दाब उतरला, तेवढंच त्याला कळतं. त्या दाबाला 'उंची' हे नाव आपण दिलं. घड्याळाने काय सांगितलं आणि आपण काय ऐकलं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जगभरच्या संग्राहकांमध्ये 'मुंबई स्पेशल' असा एक शब्द आहे. आपल्याला अभिमान वाटावा असा नाही. जुनं स्विस यंत्र, कुठल्या तरी दुसऱ्या घड्याळाचे काटे, आणि भडक रंगात नव्याने रंगवलेली तबकडी, असं जोडून विकलेलं घड्याळ म्हणजे मुंबई स्पेशल. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर ती ढिगाने दिसत. ओळखायच्या खुणा असतात. अक्षरं भिंगाखाली फुगीर दिसतात, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत, खालचं 'स्विस मेड' गायब असतं नाहीतर भलत्याच जागी असतं.

पण मला या शब्दाचा रागही येतो. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत तबकडीला चार पावसाळ्यांत डाग पडतात. घरात लग्न निघालं, घड्याळ बरं दिसायला हवं, नवीन घ्यायची ऐपत नाही. मग माणूस घड्याळजीकडे जाई आणि घड्याळजी तबकडी रंगवून आणून देई. यात फसवणूक कुठे आहे? ही दुरुस्ती. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा ती रंगवलेली तबकडी मूळची म्हणून पुढच्याच्या गळ्यात मारली जाते. मराठीच्या विद्यार्थ्यांना हे समजायला कठीण नाही. पोथ्यांच्या नकला करणाऱ्यांनी मध्ये आपल्या ओव्या घातल्या, म्हणून एकनाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करावी लागली. घातलेली ओवी कधी कधी चांगलीही असते. पण ती ज्ञानदेवांची नाही, एवढं सांगावं लागतं.

तर आता भाऊकाका.

भाऊकाका म्हणजे ह्यांचे सख्खे काका. सरकारी नकाशा खात्यात ड्राफ्ट्समन होते. पन्नासच्या दशकात खात्याच्या ट्रेनिंगला देहरादूनला दोनदा गेले होते. त्यांच्या घड्याळाची घरातली कथा अशी, की एव्हरेस्ट सर झालं त्या सुमारास देहरादूनला एका गोऱ्या गिर्यारोहकाला त्यांनी नकाशा काढून दिला आणि त्याने खूश होऊन मनगटावरचं घड्याळ काढून यांना दिलं. तबकडी निळी, वर फेवर ल्युबाचं नाव, खाली बर्फाच्या डोंगराचं छोटं चित्र. लहानपणी आमची मुलं ते कानाला लावून 'हिमालय ऐकत' असत.

मागच्या वर्षी भाऊकाकांच्या नातवाने ते माझ्याकडे आणून दिलं. मुलीच्या इंजिनियरिंगच्या प्रवेशासाठी पैसे उभे करायचे होते. गरज खरी होती, ते मी नाकारत नाही. एका व्यापाऱ्याने घड्याळ आणि त्याची हकिकत ऐकून चांगली रक्कम सांगितली होती. अट एकच, घरातल्या जाणत्या माणसाने हकिकत लिहून सही करून द्यायची. नातू म्हणाला, "काकू, तुम्ही शिक्षिका, तुम्हाला घड्याळांतलं कळतं. तुम्हीच द्या लिहून." मसुदा त्याने टाइप करूनच आणला होता. '१९५३ च्या हिमालयीन मोहिमेतील घड्याळ.'

मी म्हटलं, आधी उघडून बघू.

घड्याळजीने मागचं झाकण काढलं, भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाई, मशीन अस्सल आहे. केस अस्सल. चावी बदललीय. डायल रंगवलेलं आहे." रेघा खुणांशी जुळत नव्हत्या. 'स्विस मेड' नव्हतं. ते डोंगराचं चित्र ब्रशाने काढलेलं होतं, भिंगाखाली केसांचे फराटे दिसत होते.

मग त्याने झाकणाची आतली बाजू माझ्याकडे केली. तिथे बारीक ओरखडे होते. घड्याळजी दुरुस्तीला आलेल्या घड्याळाच्या झाकणात आतून आपली खूण आणि तारीख कोरून ठेवतात, हे मला माहीत होतं, पण इतक्या खुणा एका झाकणात मी पाहिल्या नव्हत्या. नऊ! पहिली १९६४ ची, शेवटची १९९३ ची. दर तीन-चार वर्षांनी भाऊकाका घड्याळ तेलपाण्याला नेत होते. १९७८ च्या खुणेपुढे 'डी' असं अक्षर होतं. घड्याळजी म्हणाला, डायल केलं असेल. १९७८ मध्येच भाऊकाकांच्या मुलाचं, म्हणजे या नातवाच्या वडिलांचं लग्न झालं.

आणखी एक गोष्ट निघाली. नातवाने घरातली जुनी ट्रंक आणली. तिच्यात भाऊकाकांच्या कागदांत एका जाड पाकिटात फोर्टमधल्या एका दुकानाची पावती होती. साल १९६१. घड्याळाचं नाव, आणि केसचा नंबर हाताने लिहिलेला. आम्ही झाकणावरचा नंबर तिघांनी तीनदा वाचला. तोच. रक्कम इथे लिहीत नाही, पण ती भाऊकाकांच्या दीड महिन्याच्या पगाराएवढी होती. आठ हप्ते. शेवटच्या हप्त्याच्या पावतीला रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेला, १९६२ चा.

म्हणजे गोरा साहेब नव्हता. एका ड्राफ्ट्समनने आठ महिने पोटाला चिमटा घेऊन आपल्या पैशाने घड्याळ घेतलं होतं.

नातू तिथेच खाली बसला. मला वाटतं त्याला पैशाचं वाईट वाटलं त्याहून आजोबांचं जास्त वाटलं. म्हणाला, "म्हणजे आजोबा खोटं बोलले?"

मला नाही तसं वाटत. मी घरात सगळ्यांना विचारत सुटले. ही हिमालयाची कथा तुम्ही पहिल्यांदा कधी ऐकली? ज्यांना आठवतं ते सगळे लग्नानंतरचीच वर्षं सांगतात. म्हणजे आधी डोंगर रंगवला गेला आणि मग त्याला गोष्ट चिकटली, असं होऊ शकतं. एखाद्या मुलाने विचारलं असेल, हा कुठला डोंगर? भाऊकाका देहरादूनला गेले होतेच. बाकीचं आपण रचलं असेल. किंवा त्या काळी चार भावांच्या एकत्र कुटुंबात, जिथे वहिनीच्या पातळाचा हिशेब होत असे तिथे, स्वतःसाठी एवढं महागाचं घड्याळ घेतलं हे सांगायला त्यांना संकोच वाटला असेल. आक्का, म्हणजे भाऊकाकांची थोरली मुलगी, माझ्या नणंद, मात्र ठाम आहेत. वय सत्त्याऐंशी. मला म्हणाल्या, "अगं, मला बाबांनी स्वतः सांगितलंय. तुझ्या पावतीला काय करू?" मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांनी काय ऐकलं ते त्यांचं. घड्याळात काय कोरलंय ते मी सांगू शकते.

पण सही मी केली नाही. टाइप केलेला कागद परत दिला आणि माझ्या हाताने दुसरा लिहून दिला. व्यापाऱ्याने तो वाचून तिसरा हिस्सा रक्कम सांगितली. नातू रागावला. "काकू, तुमच्या खऱ्यापायी माझ्या मुलीची फी गेली," असं तो म्हणाला. हे वाक्य त्याने नंतर मागे घेतलं, पण माझ्या मनात ते आहे. फी भरली गेली, घरातल्या चौघांनी मिळून भरली. चार महिने आमच्याकडे तो आला नाही. गणपतीत आला. आता बोलतो, पण घड्याळाचा विषय काढत नाही.

तुमच्यातल्या काहींनी मला सांगितलं, एवढं काय बिघडलं असतं? व्यापाऱ्याला खोटं कळलं नसतं, घेणारा खूश झाला असता, भाऊकाकांचं नाव झालं असतं. यावर मी खूप विचार केला आहे. मर्सिडीझची गोष्ट म्हणूनच आधी सांगितली. एका बाईने बनाव केला तर खरोखर पोहलेल्या मुलीला पुन्हा थंड पाण्यात उतरावं लागलं. मोहिमेवर खरंच गेलेली घड्याळं आहेत, आपली बोटं थंडीत गमावलेल्या माणसांच्या मनगटावरची. मी एक खोटी चिठ्ठी लिहिली की त्या सगळ्यांच्या चिठ्ठ्यांची किंमत तेवढी कमी होते. आणि भाऊकाकांचं म्हणाल, तर गोऱ्या साहेबाची बक्षिसी घेतलेल्या भाऊकाकांपेक्षा आठ हप्ते भरणारे आणि दर तीन वर्षांनी घड्याळाला तेल देणारे भाऊकाका मला जास्त मोठे वाटतात. ते रोज याच घड्याळावर सकाळची लोकल गाठत असत. तीसेक वर्षं. हीसुद्धा मोहीमच होती की.

आता थोडं पुढचं. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगलोरला सुरू झाला, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचं ठरवलं. माझ्या अकरापैकी सहा एचएमटी आहेत. त्यांचे सुटे भाग आता दुसऱ्या मेलेल्या घड्याळांतूनच काढावे लागतात. माझा विद्यार्थी घड्याळजी साठीकडे आला, त्याचा मुलगा दुकानात मोबाईलची कव्हरं विकतो. म्हणजे पुढे दुरुस्त्या होतील त्या जोडाजोडीच्याच. होऊ देत. यंत्र चालतं राहायला हवं. फक्त काय बदललं ते लिहून ठेवायला हवं.

म्हणून मी प्रत्येक घड्याळाबरोबर एक चिठ्ठी ठेवली आहे. कुठून घेतलं, काय मूळचं, काय बदललेलं, कुणी सांगितलेली गोष्ट आणि कागदावर सापडलेली गोष्ट, दोन्ही वेगवेगळ्या ओळींत. माझ्यामागे ज्याला जे घड्याळ न्यायचं त्याने न्यावं, विकावं, पण चिठ्ठी बरोबर न्यावी. एवढी एकच अट.

भाऊकाकांचं घड्याळ त्यांच्या नातवाकडेच आहे. त्याबरोबर पावतीची झेरॉक्स आणि माझी चिठ्ठी दिली आहे. तुमच्या सगळ्यांच्या माहितीसाठी ती इथे उतरवते, म्हणजे पुन्हा फोन नकोत:

"फेवर ल्युबा, चावीचं. मशीन आणि केस मूळची. चावी बदललेली. तबकडी रंगवलेली, बहुधा १९७८, घरच्या लग्नाच्या वेळी. डोंगराचं चित्र कारखान्याचं नाही. मुंबईत फोर्टमध्ये १९६१ साली आठ हप्त्यांत विकत घेतलं, पावती सोबत, नंबर जुळतो. झाकणात दुरुस्तीच्या नऊ खुणा, १९६४ ते १९९३. हे घड्याळ हिमालयात मिळालं असं घरात सांगतात. थोरल्या मुलीने ते वडिलांकडून ऐकल्याचं सांगितलं आहे. त्याला कागद मिळाला नाही. रोज सकाळी चावी द्यावी. दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं."